मागची लाल काच

रस्त्यात वरात दिसली की बायका नवरदेव बघतात, नवरीचा शालू बघतात. मी वरातीच्या गाडीचं बूड बघते. मागचा दिवा फुलांनी झाकलाय की काय, एवढंच. सूनबाई हसते. म्हणते, "आई, लोकांच्या लग्नात कसल्या चौकशा करता हो!" हसू दे बापडीला. ही खोड मला रायरांनी लावली, आणि आता ती काही सुटायची नाही.

रायर म्हणजे माझे मालक. नवरा नव्हे, कारखान्याचे मालक. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आणि बदलीपायी आम्ही कऱ्हाडहून थेट मद्रासला, सैदापेटला येऊन पडलो होतो. पोरं शाळेत जायला लागली आणि घर मला खायला उठलं. मला टायपिंग येत होतं. गिंडीच्या पुढे, परंगीमलैच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारा एक कारखाना होता, तिथे टायपिस्ट हवी होती, आणि मालक मराठी बोलणारे आहेत असं कळलं. गेले. तंजावरकडच्या मराठी रावांना तमिळ लोक 'रायर' म्हणतात, म्हणून कारखान्यात सगळेच त्यांना रायर म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, जेवण झालं का? मी आत्ता जेवलों. कायला उभ्या? बसा." मला वाटलं, हे कुठलं मराठी! 'मी काम केलों, मी चिठ्ठी वाचलों,' असं बोलायचं, आणि 'सगळे'च्या जागी 'अस्के' म्हणायचं. कऱ्हाडला कुणी असं बोललं असतं तर आम्ही पोट धरून हसलो असतो. पण मुलूख सोडून आलेल्या माणसाला आपल्या भाषेचं चिंधूकही गोड लागतं. महिनाभरात मीच घरी 'अस्के जेवले का' विचारायला लागले, तेव्हा यजमानांनी डोक्यावर हात मारून घेतला.

दिसायला माणूस मोठा विचित्र. कपाळावर गोपीचंदनाचा उभा टिळा, कानात भिकबाळी, अंगावर खाकी शर्ट, खाली खाकी अर्धी चड्डी आणि खांद्यावर जरीकाठी अंगवस्त्र! वरून पाहिलं तर मठातला आचार्य, खालून पाहिलं तर पोलीस. इंजिनिअरिंगची परीक्षा चांगल्या रीतीनं पास झालेले होते, मोठ्या नोकरीत बसले असते, पण ट्रॉलीनं त्यांना धरलं ते धरलंच. त्यांनी कारखाना काढला तेव्हा त्या भागात नुकते ट्रॅक्टर यायला लागले होते. ट्रॅक्टर घेतला की शेतकरी मागं लावायला ट्रॉली बघायचा, आणि जुन्या लॉरीचा आस मिळाला की गावचा सुतारसुद्धा ट्रॉली ठोकून द्यायचा. त्या ट्रॉल्या बघून रायरांचं डोकं फिरायचं.

त्यांचं एक ठरलेलं होतं. तयार झालेली ट्रॉली ते स्वतः आत बसून बघितल्याशिवाय फाटकाबाहेर सोडत नसत. चटई टाकून मागच्या फळीशी बसायचे, तेही मागे तोंड करून. ड्रायव्हर तळ्याच्या बांधावरच्या खड्ड्याखुड्ड्यांतून ट्रॉली फिरवून आणायचा, आणि हे मागं सुटत जाणाऱ्या रस्त्याकडे टक लावून बसलेले. सायकलवाले, बैलगाडीवाले, मासे घेऊन चाललेल्या कोळणी, सगळे या ध्यानाकडे बघत बघत मागून यायचे. मी एकदा विचारलं, "रायर, माणसानं पुढं बघावं. मागं काय ठेवलंय?"

"पुढचं ड्रायव्हर बगतो, बाई," ते म्हणाले. "मागून येणाऱ्याचं कोण बगतो?"

मला चेव आला. म्हटलं, "पण ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, हा कायदा तुम्हीच सगळ्यांना सांगता. मग तुम्ही कसे बसता?"

"मी माणूस कुठं? मी वजन," असं म्हणून ते गेले.

कायद्याच्या बाबतीत सरकार परवडलं, पण रायर नकोत. तिकडे मोटार खात्याच्या तपासनीसाला ब्रेक इन्स्पेक्टर म्हणायचे. तो यायचा, ट्रॉली बघायचा, कॉफी घ्यायचा, पास म्हणायचा. तो गेला की रायर तीच ट्रॉली नापास करायचे! इन्स्पेक्टरला एक खोट दिसली तर यांना चार. गिऱ्हाईक कपाळ बडवून घ्यायचं. ट्रॉलीला आणखी फळ्या चढवून उंच करून द्या, मागं दोन हात लांबवा, म्हणजे जास्त भात मावेल, असं सांगणारी माणसं रोज यायची. रायर त्यांना खुर्चीवर बसवून कॉफी पाजायचे आणि मग ऐकवायचे. उंच भरलेली ट्रॉली वळणावर कलंडते. आसाच्या मागं वजन गेलं की पुढची दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकंच जमिनीवरून सुटतात. "फळी वाढव म्हणतोस? बरं. मग आस वाढव, चाक वाढव, ब्रेक वाढव, अस्के वाढव, परत पास करून घे. नाही तर फळी नको." निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे जायची. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या पिनेच्या जोडीला ते एक जाड साखळी लावायचे, पिन तुटलीच तर ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून. त्या साखळीला ते 'ताली' म्हणत. ताली म्हणजे तिकडचं मंगळसूत्र. शेतकऱ्यांना साखळीची कटकट वाटायची, वाटेत खणखण वाजते म्हणून काढून ठेवायचे. रायरांना ते दिसलं की सायकल आडवी घालून भर रस्त्यात तमिळमध्ये उद्धार करायचे. खिशात नेहमी लाल काचा असायच्या. कुणाच्याही ट्रॉलीला मागं लाल काच नसली की थांबवून, स्वतःच्या हातानं ठोकून द्यायचे. तेव्हाच्या ट्रॉल्यांना मागं दिवे कुठले? मागून येणाऱ्या गाडीचा उजेड पडला की ती काच चमकायची, अंधारात तेवढीच ट्रॉलीची ओळख.

मी त्यांना वेडं समजत होते. सगळेच समजत होते. मग पहिली आयुधपूजा आली.

आपली खंडेनवमी, तीच त्यांची आयुधपूजा. पण थाट केवढा! सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडलेली, यंत्रांना झेंडूच्या माळा, फाटकाला केळीचे खांब, आणि प्रत्येक ट्रॉलीला पुढून मागून चंदनाचे पट्टे नि त्यावर कुंकवाचे टिळे. चाकाखाली कोहळा फोडला, सगळ्यांना चण्याची उसळ वाटली. मला फार आवडलं ते सगळं. आणि तेवढ्यात बघते तर रायर ओलं फडकं घेऊन एकेका ट्रॉलीच्या मागं बसताहेत आणि लाल काचेवरचं चंदन-कुंकू पुसताहेत! पूजेचं कुंकू, आणि तेही मालकानं पुसायचं! मला कसंसंच झालं. कामगारांनी माना खाली घातल्या होत्या.

आमच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी मला बाजूला घेतलं. मेस्त्री म्हणजे कामगारांचे मुकादम, रायरांच्या पहिल्या दिवसापासूनचे. ते म्हणाले, "अम्मा, काही विचारू नका," आणि लगेच स्वतःच सगळं सांगितलं. कारखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. अशीच आयुधपूजा. रायरांनी हौसेनं एका ट्रॉलीला स्वतःच्या हातांनी चंदन फासलं, पुढून मागून, हात आखडता न घेता. लाल काचेच्या बरोबर मध्ये कुंकू, वरून झेंडूची माळ. ती ट्रॉली संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे निघाली आणि वाटेत चाक बसलं म्हणून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. चाक बदलणाऱ्या माणसांना प्रसाद पोचवायला रायरांचा धाकटा भाऊ सायकलवरून निघाला. अंधार पडला होता. मागून एक लॉरी येत होती, तिचा उजेड ट्रॉलीवर पडला असणार, पण काच कुठली चमकायला! पोर भरधाव जाऊन ट्रॉलीच्या कडेवर आदळलं. लग्न ठरलेलं होतं त्याचं.

"चंदन रायरांच्या हाताचं होतं, अम्मा," मेस्त्री म्हणाले. "आमच्यातल्या कुणाचं असतं तर बरं झालं असतं."

त्या दिवसापासून मी त्यांना वेडं म्हणायचं सोडलं. तोंडानं तरी.

रायरांना बायको नव्हती. ती कधीच गेली होती. एकच मुलगी. कारखान्याच्या मागंच घर, आणि ती मुलींच्या शाळेत शिकवायची. माझ्याहून थोडी लहान. तमिळ फाडफाड, इंग्रजी त्याहून फाडफाड, मराठी मात्र अडखळत. पण माझ्याशी हट्टानं मराठीच बोलायची. आमचं गूळपीठ जमलं होतं. तिचं लग्न होत नव्हतं आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. त्या लोकांची घरंच मोजकी. त्यातून गोत्र जुळायचं, पत्रिका जुळायची, आणि मुलगा शिकलेला हवा. स्थळं यायची आणि जायची. ती हसून म्हणायची, "आमचे अस्के लोक एका बसमध्ये मावतात, बाई. त्यात माझ्यासाठी सीट नाही." हसायची खरी, पण तिशी जवळ आली होती तिची, आणि ते हसणं मला बघवत नसे.

मग ते स्थळ आलं. सिरुसेरीकडे त्यांची भातशेती होती. आज तिथे काचेच्या इमारती झाल्यात म्हणे, तेव्हा तळं, ताडाची झाडं आणि चिखल होता. मुलाच्या वडिलांनी रायरांकडूनच ट्रॉली बांधून घेतली होती. मुलगा शेतकी शिकलेला, शांत. ट्रॉली बघायच्या निमित्तानं यायचा, आणि ट्रॉलीला एक नजर टाकून घराकडे कॉफीला जायचा. कसली ट्रॉली आणि कसलं काय! खिडकीतून मला सगळं दिसायचं. ती त्याला पुस्तकं द्यायची आणि तो ती खरोखर वाचून परत आणायचा. त्या दिवसांत ती शाळेतून येताना गुणगुणत यायची. मी चिडवलं तर म्हणायची, "पोंगो अक्का, जावा हो, तुमचं काही तरीच!" रायर तर विरघळलेच होते. अंगवस्त्रानं डोळे पुसत मला म्हणाले, "बाई, पोरीला घर मिळालं. आता मी मेलों तरी चालेल."

लग्न सैदापेटच्या देवळाजवळच्या छत्रात ठरलं. छत्र म्हणजे तिकडचं मंगल कार्यालय. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिकडे जानवास असतो. नवरदेवाला देवळापासून छत्रापर्यंत वाजतगाजत, उघड्या मोटारीतून आणायचं. पण मुलाच्या वडिलांना हौस फार. म्हणाले, मोटार कशाला, व्याह्यांच्या हातची आमची ट्रॉली आहे ना! तीतच वऱ्हाड येईल आणि तीतूनच जानवास निघेल. रायरांनी हात जोडून सांगितलं, मोटार मी करतों, वऱ्हाडाला बस करतों, ट्रॉलीत माणसं नकोत. ते नुसते हसले.

दिवेलागणीला ट्रॉली देवळापुढे येऊन उभी राहिली. नादस्वरम् सुरू झालं. आम्ही बायका तबकं घेऊन उभ्या होतो आणि मध्ये रायर, नवं धोतर, नवं अंगवस्त्र, हातात जावयासाठी गुलाबांचा हार. मी ट्रॉलीकडे बघितलं. गावच्या सुतारानं फळ्या चढवून ती हातभर उंच केलेली. मागं बाक ठोकून लांबवलेली. साखळी काढलेली. आत सतरंज्यांवर बायका, म्हातारी माणसं, मांडीवर पोरं, अशी दाटीवाटीनं भरलेली, आणि मधोमध उंच खुर्चीवर नवरदेव. सगळी ट्रॉली केळीच्या खांबांनी आणि झेंडूनं मढवलेली. तिथून निघून तिला लॉरी-बसच्या हमरस्त्यावरून छत्राकडे जायचं होतं.

रायर हार घेऊन दोन पावलं पुढं गेले. मग थांबले, आणि हार तसाच हातात घेऊन ट्रॉलीच्या मागं गेले.

मी मनात म्हटलं, नको रायर, आज नको. आज एक दिवस डोळे मिटा.

मागच्या दोन्ही लाल काचा माळांखाली गेल्या होत्या. रायरांनी माळा ओरबाडल्या. खाली जाड चंदन, त्यावर कुंकू. ते गुडघ्यावर बसले आणि नव्याकोऱ्या अंगवस्त्रानं काच पुसायला लागले. वाद्यं थांबली. बायका "अय्यो, अय्यो" करायला लागल्या. शुभकार्यातली फुलं मुलीच्या बापानं तोडायची, कुंकू पुसायचं, याहून मोठा अपशकुन कुठला!

"उतरा," रायर म्हणाले. "अस्के उतरा. चालत जाऊ. लांब नाही."

मुलाचे वडील खाली आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. चारचौघांत अपमान झाला होता त्यांचा. ते म्हणाले, "रायर, झालं ते झालं. तुमच्या हातानं माळ परत बांधा, चंदन लावा, आणि मिरवणूक निघू द्या. मी सगळं विसरतो."

केवढं सोपं होतं! एक माळ, बोटभर चंदन. मी पुढं होऊन म्हटलं, "रायर, लेकीकडे बघून लावा. मागून मी चालते कंदील घेऊन." मेस्त्रीही तेच म्हणाले. कुणीतरी चंदनाची वाटी रायरांच्या हातात दिली. त्यांनी बोटं बुडवली. काचेपर्यंत हात नेला. तिथून तो मागे घेतला, आणि बोटांवरचं चंदन धोतरावर गळलं. मग त्यांनी वाटी जमिनीवर ठेवली आणि हात जोडून म्हणाले, "दुसरं काहीही सांगा. पाय धरतों. एवढं माझ्या हातानं होणार नाही."

मी वर नवरदेवाकडे बघितलं. उतर रे बाबा, एवढंच म्हणत होते मी मनात. त्यानं एक पाय खाली टाकला असता तर सगळं वऱ्हाड उतरलं असतं. तो बापाकडे बघत राहिला. मला त्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

वऱ्हाड परत फिरलं. बायका-पोरांना त्यांच्याच माणसांनी बसनं नेलं, उंच ट्रॉलीत बसायची आता त्यांनाही भीती वाटली असावी. रिकामी खुर्ची घेऊन ट्रॉली निघून गेली. मागून एक बस गेली तिच्या उजेडात ती पुसलेली काच लखकन चमकली, आणि दूर वळणापर्यंत चमकत राहिली. रायर हातात हार घेऊन तिच्याकडे बघत उभे होते.

छत्रात मुलगी नटून बसली होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. रायर दारात आले तेव्हा तिनं डोक्यातली फुलं काढून ताटात ठेवली आणि एवढंच विचारलं, "अप्पा, काच पुसून झाली?"

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. एका घरात राहून, त्यांचं सगळं करून, बोलली नाही. मी घरी असले की मला म्हणायची, "बाई, त्यांना सांगा, ताक ठेवलंय." आणि रायर शेजारच्या पाटावर बसलेले! ते मला म्हणायचे, "बाई, तिला सांगा, ताक बस्स झालं." मला दोघांचाही संताप यायचा. मी एकदा तिला बोललेही, काकाची गोष्ट तुला ठाऊक आहे ना? ती म्हणाली, "ठाऊक आहे. ते माझ्या जन्माच्या आधी मेले. मी जिवंत होतें." दुसरं स्थळ आलं नाही. बापानं वरातीचं कुंकू पुसलं, ही गोष्ट त्या मूठभर घरांत कुणाला माहीत नव्हती!

रायर खचले, पण रीत बदलली नाही. मागं तोंड करून बसतच राहिले. एकदा बांधावरून परत आल्यावर उतरायला मी हात दिला, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पोरीचं लगीन मोडलों, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी कोण वाचलं, कुणी वाचलं की नाही, ते ठाऊक नाही. वाचलेलं माणूस येऊन सांगत नाही, बाई." मग चटई झटकून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि ब्रेकबद्दल मेस्त्रींशी बोलायला गेले.

आमची परत बदली व्हायच्या सुमाराला ते गेले. झोपेतच. नात्यातली माणसं थोडी, स्मशान लांब. मेस्त्री म्हणाले, रायरांना आपण आपल्या ट्रॉलीतून न्यायचं. ट्रॉलीत माणूस नको असं रायरच म्हणायचे ना, अशी एका नातेवाइकानं कुरकुर केली, तर ड्रायव्हर रडत रडत म्हणाला, "स्वामी, ते स्वतःला वजन म्हणायचे." कामगारांनी त्यांच्या चालीप्रमाणे ट्रॉली फुलांनी भरून टाकली, पुढून मागून, कुठं लाकूड दिसेना. कोण कुणाला अडवणार? प्रत्येकाच्या डोळ्याला धार लागली होती. रायरांना तिरडीवर ठेवलं ते पाय मागे करून, म्हणजे नेहमीसारखं मागं तोंड.

संध्याकाळ व्हायला आली होती. बायका तिकडे स्मशानात जात नाहीत. दारातूनच निरोप घ्यायचा. लेक कोरड्या डोळ्यांनी खांबाला धरून उभी होती. ट्रॅक्टर सुरू झाला आणि ती एकदम पायऱ्या उतरून रस्त्यात आली. मला वाटलं, आता हिचा बांध फुटतो. मी धरायला धावले. तिनं माझा हात बाजूला केला, ट्रॉलीच्या मागं गेली आणि खाली बसली. मागच्या माळा बाजूला सारल्या. एक काच, मग दुसरी काच. पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि लागलेलं कुंकू पुसून काढलं.

मग उठून उभी राहिली. इतक्या वर्षांनी ती बापाशी बोलली.

"काच पुसलें, अप्पा," ती म्हणाली. "जावा आता."